ओळंब्यातला तडा

दुपारी खदानीचा भोंगा वाजला की मोहबोडीतली माणसं घराबाहेर निघतात. हा आता गावाचा रिवाजच झाला आहे. चुलीवरचं भांडं उतरवायचं, फळीवरचे डबे खाली ठेवायचे, पाळण्यातलं लेकरू काढून घ्यायचं आणि चौकातल्या कडुनिंबाखाली जाऊन उभं राहायचं. ज्याला चालवत नाही त्याची बाज दोघं उचलून आणतात. मग सगळे खदानीकडे तोंड करून गप्प. आधी तळपायाखालची जमीन हलते. घराघरांतून भांड्यांची खणखण ऐकू येते. त्याच्या मागून धडाम करून आवाज येतो, आणि सगळ्यात शेवटी नाल्याच्या बाजूनं तांबूस धूळ वर चढते. धूळ दिसली की बाया म्हणतात, "चला, आजचं झालं," आणि जो तो आपल्या घराच्या भिंती बघायला आत जातो.

भिंती बघायची गरज नव्हती ती एकाच घराला. रामाजी मिस्त्रीच्या.

रामाजीनं सारा जन्म थापी आणि ओळंबा यांच्यात काढला होता. मोहबोडीतली अर्धी घरं त्याच्या हातची. त्याच्या हाताला वाकडं येत नाही, असं लोक म्हणायचे, आणि तोही हे ऐकून घेताना मिशीतल्या मिशीत हसायचा. त्याचं स्वतःचं घर गावाच्या वरच्या टोकाला, टेकाडावर होतं. त्याच्या बापाला गावानं राहायला दिलेली ही जागा. नुसता दगड. खुंटा ठोकायचा म्हटलं तर खुंटाच वाकायचा, म्हणून तर दिली. त्याच दगडावर रामाजीनं पुढं जोतं बांधलं आणि वर पक्क्या विटांचं घर उभं केलं. खदानीचे सुरुंगाचे बार जवळ जवळ येत गेले, खालच्या वस्तीत घराघराला तडे पडले, पण रामाजीच्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली नाही. एखादी बाई आपल्या भिंतीचं दुखणं सांगायला लागली की रामाजी म्हणायचा, "काम कोनाचं हाय त्यावर असते बाई. अन् सिमिट किती टाकलं त्यावर."

हे तो वच्छलाबाईलाही म्हणाला होता. वच्छलाबाईचं घर खाली, काळ्या मातीत, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या बाजूला. नवरा गेल्यावर ती आणि तिची लहान नात अशा दोघीच तिथं राहायच्या. तिच्या मधल्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत असा तडा गेला होता की त्यात बोट जायचं. नात त्या भिंतीशी झोपायची, म्हणून वच्छलाबाईनं आता बाज अंगणात काढली होती. ती भिंतही रामाजीनंच बांधलेली.

"तुया नवऱ्यानं सिमिटात कंजुषी केली. मी तवाच सांगतलं होतं," असं रामाजी तिच्या तोंडावर बोलला होता. ती पदरानं तोंड पुसून घरात गेली.

तर त्या साली पावसाळा संपताना बातमी आली, की तडे बघायला चंद्रपूरहून पाहणी पथक येणार. पथकानं जर लिहून दिलं की तडे बारामुळंच पडले, तर बार उडवायची हद्द नाल्याच्या पलीकडे सरकवावी लागेल. गावाला एवढंच पाहिजे होतं. खूप अर्ज झाले होते, रस्ता अडवून झाला होता. आता पहिल्यांदा कोणी येऊन डोळ्यानं बघणार होतं.

या सगळ्या खटपटीत पुढं होता हेमराज. सोयाबीनचा शेतकरी, गावच्या समितीचा अध्यक्ष, आणि जिभेला धार. चौकात भोंग्याच्या वेळेला तो रामाजीला सगळ्यांसमोर म्हणाला,

"मिस्त्री, सारं गाव एकीकडे अन् तुमचं घर एकीकडे. खदानीचा सायब काय करन मालूम हाय? सीधा तुमच्या घरात घुसन. म्हनन, हे पाहा, याले तडा नाई. म्हनजे आमच्या बाराचा दोष नाई, तुमच्या बांधकामाचा दोष हाय."

"मंग मी काय करू? घर पाडू?" रामाजी म्हणाला.

"पाडू नका बावा. पन त्या दिवशी कुलूप लावून वावरात जा."

लोक हसले. वच्छलाबाई हसली नाही. ती म्हणाली, "त्यायच्या घराची कायले चिंता करता हेमराजभाऊ? त्यायनं सिमिट टाकलं हाय."

पुन्हा हसू झालं, आणि या वेळी जास्त. रामाजीचे कान तापले. आजपर्यंत ज्या भिंतीच्या जोरावर तो मान वर करून चालत होता, तीच भिंत आता त्याच्या अंगावर आली होती.

त्याची नात खुशबू चंद्रपूरला कॉलेजात शिकायची. भौतिकशास्त्र हा तिचा विषय, तिथंच वसतिगृहात राहायची. तिनं हेमराजला सांगितलं होतं की पथकापुढं नुसतं रडून चालणार नाही, नीट समजावून सांगावं लागेल, आणि आधी ते गावाला समजलं पाहिजे. म्हणून रविवारी ती आली आणि कडुनिंबाखाली तिनं माणसं जमवली. सोबत एक लांब दोर, पाण्यानं भरलेली परात, आणि घरून आणलेली दह्याची वाटी. रामाजी पाराच्या पलीकडच्या टोकाला, जरा आड बसला.

खुशबूनं शाळेच्या पोरांना एका ओळीत उभं केलं, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. मग शेवटच्या पोराला हलकेच ढकललं. धक्का एकापासून दुसऱ्याला लागत पुढं गेला आणि सगळ्यात पुढचं पोरगं दोन पावलं धडपडलं. बाकी सगळे जिथल्या तिथं.

"पाहा, पोट्टे गेले का कुठी? नाई. धक्का गेला," ती म्हणाली. "धक्का ज्या बाजूनं चालला, पोट्टेबी त्याच बाजूनं मागं-पुढं हालले. याले पुस्तकात अनुतरंग म्हनतात. आवाजबी असाच येते, हवेतून. बार उडाला का जमिनीतून पयले हाच धक्का येते. सगळ्यात जलद."

मग तिनं दोर उचलला. एक टोक तिच्या हातात होतं. दुसरं टोक धरायला तिनं रामाजीकडे पाहिलं.

"आबाजी, या ना, धरा जरा."

"मले काय नाटकात काम कराचं हाय का?" रामाजी म्हणाला. "दे कोनाबी पोट्ट्याच्या हातात."

दोर निकेशनं धरला. निकेश हेमराजचा मुलगा, ट्रॅक्टर चालवायचा. खुशबूनं आपलं टोक झटक्यानं वर-खाली केलं आणि दोरावरून एक उंचवटा सरसरत निकेशच्या हातापर्यंत गेला.

"इथी धक्का पुढं चालला, पन दोर हालला आडवा. वर अन् खाली. हा अवतरंग. जमिनीतून याचाबी धक्का येते, पयल्याच्या मागून. हा भिंतीले दोन्ही बाजूनं हिसडे देते."

शेवटी परात. तिनं पाण्यावर चार लाह्या टाकल्या आणि काठाशी बोट बुडवलं. वलयं निघाली. लाही वलयावर चढली, उतरली, जरा पुढं, जरा मागं, गोल फिरल्यासारखी, आणि होती तिथंच राहिली.

"अन् हा तिसरा. याच्यात दोन्ही चाली एकत्र. हा वरच्यावर, जमिनीच्या पाठीवरून येते, सगळ्यात हळू. पन घर पाडते थो हाच. म्हनून तडे कसे पडतात पाहा. सांध्या-सांध्यातून, पायऱ्या-पायऱ्यानं, तिरपे."

"म्हनजे माह्या घरी तिघंबी येतात पाहुने," वच्छलाबाई म्हणाली. "अन् मिस्त्रीच्या घरी कोनीच नाई जात. चांगलं हाय बाप्पा."

"त्यायच्या घरचे पाहुने बाहेरूनच वापस जात असन. आतमंदी मिस्त्री बसला राहते ना," हेमराजनं जोडलं.

सगळा चौक हसला. रामाजी उठला, धोतर झटकलं आणि टेकाडाच्या वाटेला लागला. मागून खुशबूचा आवाज आला, "आबाजी, थांबा ना, आपल्याच घराचं सांगतो आता." तिनं दह्याची वाटी हातात घेतली होती. रामाजीनं मागं वळून पाहिलं नाही. पोरीच्या तोंडून, तेही चारचौघांत, आपल्या घराची अजून शोभा ऐकायची त्याची इच्छा नव्हती.

खुशबू संध्याकाळच्या गाडीनं वसतिगृहावर परत गेली. जाताना म्हणाली, "गुरुवारी सकाळी सीधी पथकाच्या टायमालेच येतो." रामाजीनं हूं केलं. त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही.

दोन-तीन दिवस तो आपल्या भिंतीसमोर बसून राहिला. बायको रुखमा म्हणाली, "काय पायता तिथं? भिंतीवर काय सिनेमा हाय?" त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आपल्या एका घरामुळं सारं गाव बुडणार. आणि वच्छलाबाईची नात.

बुधवारी दुपारी भोंगा वाजला. रुखमा कापसाच्या निंदणाला गेलेली. खाली चौकात माणसं जमत होती. खालच्या वाटेवरून वच्छलाबाईनं हाक दिली, "मिस्त्री, येता का नाई?" रामाजी आतून म्हणाला, "तुमी व्हा पुढं." दार लोटून घेतलं आणि छन्नी-हातोडा काढला.

त्यानं मनाशी पक्कं ठरवलं होतं. तडा कसा पडतो ते त्याला माहीत होतं. सांध्या-सांध्यातून, पायरीसारखा, तिरपा. पोरीनंही तेच सांगितलं होतं. त्यानं खिडकीच्या वर, छताजवळ, छन्नी लावली आणि सांध्यावर घाव घातला. सांधा हलेना. दुसरा घाव घातला. सांध्याशेजारची वीटच फुटली. हा त्याचा स्वतःचा माल होता, स्वतःच्या घरासाठी कालवलेला, वर पंधरवडाभर पाणी मारलेला. विटेपेक्षा सांधा कठीण झाला होता. त्यानं थोडं खाली सरकून पाहिलं. पुन्हा वीट फुटली, सांधा तसाच. तेवढ्यात जमीन हलली, फळीवरची भांडी वाजली, मागून आवाज आला, आणि त्या आवाजात त्यानं भराभर घाव घातले. विटेतून वीट, खाली खाली.

धूळ बसली तेव्हा तो मागं सरकला. छतापासून खिडकीपर्यंत तडा गेला होता. सरळ. ओळंबा सोडावा तसा. वाकडा काढायचा म्हणून बसला होता आणि हातानं ऐकलं नव्हतं.

त्यानं चुरा झाडून टोपलीत भरला, मागच्या बाजूला नेऊन टाकला. छन्नी अवजारांच्या पेटीत परत ठेवली. रुखमा आली तेव्हा तडा बघून दारातच उभी राहिली.

"हे कवा?"

"आजच्या बाराचं."

रुखमानं तडा पाहिला, मग रामाजीकडे. त्याच्या भुवयांवर विटेची लाल पूड होती. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "तोंड धुवा."

गुरुवारी पथक आलं. पथकाच्या प्रमुख नीलिमा मॅडम, जमिनीच्या जाणकार, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. सोबत खदानीचा एक साहेब होता, पांढऱ्या शर्टातला, सारखा घड्याळ बघणारा. खुशबू बसमधून उतरून थेट त्यांना सामील झाली. खालच्या वस्तीतलं घर न् घर त्यांनी पाहिलं. खुशबू प्रत्येक ठिकाणी तडा कुठून निघाला, कसा चढला ते दाखवत होती. वच्छलाबाईच्या घरी मॅडमनी तड्यात पट्टी घालून पाहिली, मग बाहेर जाऊन भिंतीच्या दुसऱ्या अंगानं तोच तडा शोधला. मान हलवली. फोटो काढले. हेमराज मागून निकेशला कोपरखळी मारत होता. काम जमत होतं.

"मॅडम, आता एक घर दाखवते," खुशबू म्हणाली. "हे सगळ्यात महत्त्वाचं. ते मुद्दाम शेवटी ठेवलं."

आणि सगळी गर्दी टेकाड चढू लागली. रामाजी दारात बसला होता. आपल्याकडे येणाऱ्या गर्दीत पुढं आपली नात, तोंडावर घाम आणि आनंद, हे त्यानं पाहिलं. ती अंगणात थांबली. आत गेली नाही. तिथंच उभी राहून बोलू लागली.

"हे माझ्या आजोबांचं घर. याला एकही तडा नाही. खदानीचे साहेब म्हणतील, मग बाराचा दोष नाही. पण खाली वच्छलाबाईंचं घर बांधलं तेही यांनीच. हात एकच, कामाची पद्धत एकच. फरक फक्त जमिनीचा. हे घर खडकावर आहे आणि ते काळ्या मऊ मातीत." तिनं आजीकडून दह्याची वाटी मागवून घेतली, अंगणातल्या दगडी फरशीवर ठेवली, तिच्या शेजारी एक खडा ठेवला आणि फरशीवर मुठीनं ठोका दिला. खडा जिथल्या तिथं राहिला. दही थरथरलं, थांबता थांबता पुन्हा थरथरलं. "तरंग तोच. खडकात तो लहान राहतो, मऊ जमिनीत वाढतो. खालची घरं बांधकामामुळं फुटली असती, तर हेही फुटलं असतं. हे धड आहे, म्हणूनच खालच्यांचं खरं आहे."

नीलिमा मॅडम हसल्या. "फार छान. चला, आतून बघू."

रामाजी फरशीवरच्या वाटीकडे बघत उठला. दह्याची वाटी. रविवारी हेच सांगायचं होतं तिला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"आतमंदी काय पाहाचं हाय मॅडम? चहा घ्या. रुखमा, चहा मांड."

"नंतर घेऊ, बाबा," मॅडम म्हणाल्या, आणि खुशबूनं हसत त्याचा हात बाजूला केला. "सरका ना आबाजी. लाजता कायले?"

ती आत गेली. तिच्या मागून मॅडम, साहेब, हेमराज, मावतील तेवढी माणसं.

रामाजी बाहेर चौकटीला धरूनच राहिला.

"हे कधी झालं?" मॅडमचा आवाज.

खुशबूनं दाराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून काही समजलेलं नव्हतं, नुसतं गोंधळलेपण होतं. "आबाजी, हे काय हाय?"

आणि रामाजी म्हणाला, "काल पडला. कालच्या बारानं."

हे बोलला तो. पुढं कित्येक दिवस त्याला स्वतःचा तो आवाज ऐकू येत राहिला. छन्नी चालवली त्याचं त्याला एवढं लागलं नाही. गावासाठी केलं, असं स्वतःला सांगता येत होतं. पण नातीनं विचारलं तेव्हा जे तोंडातून निघालं ते कोणासाठी होतं?

खुशबू भिंतीजवळ गेली. फुटलेल्या विटेवर बोट फिरवलं. बोट लाल झालं. तिनं सांध्यांकडे पाहिलं, जे सगळे धड होते. मग वरपासून खालपर्यंत तड्याकडे पाहिलं, सरळ, रामाजीच्या हातासारखा. ती वळली नाही. तिच्या मानेकडे पाहूनच रामाजीला कळलं की तिला समजलं.

खदानीचा साहेब पुढं आला, चष्मा वर करून तडा पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, हा छन्नीचा आहे. वीट फुटली, सांधा नाही. आता मला सांगा, खालचे कशावरून तसे नाहीत? गावात मिस्त्री एकच आहे ना?"

हेमराज म्हणाला, "सायब, असं कसं बोलता," पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तो रामाजीकडे बघत होता. सगळेच बघत होते. वच्छलाबाई दाराशी नातीचा हात धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "काल भोंग्याच्या टायमाले हे चौकात नव्हते."

रामाजी आत आला. कोपऱ्यातली अवजारांची पेटी उघडली. छन्नीच्या तोंडाला अजून विटेची पूड होती. त्यानं ती मॅडमच्या पायाशी जमिनीवर ठेवली. वर पाहायची हिंमत झाली नाही, तो बुटांशीच बोलला.

"हा तडा माह्या हातचा हाय. मीच केला. कोनी सांगतलं नाई, कोनाले मालूम नाई. खालचे तडे खरे हायेत. त्यायले मी हात नाई लावला."

"आणि आत्ता म्हणालात बारानं पडला," साहेब म्हणाला.

"खोटं बोललो."

"काऊन केलं, मिस्त्री?" हेमराजनं विचारलं. रामाजी काय सांगणार? तूच हसत होतास म्हणून? सांगितलं असतं तर हेमराजलाही वाईट वाटलं असतं, पण त्यानं काय झालं असतं. छन्नी काही हेमराजच्या हातात नव्हती.

नीलिमा मॅडमनी बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, "मला हे लिहावंच लागेल. खालच्या घरांचं जे पाहिलं तेही लिहीन. पण आता नुसत्या पाहणीवर काही ठरणार नाही. यंत्र लावून मोजावं लागेल, त्याला दिवाळी उलटेल. आणि बाबा, हा तडा बुजवू नका. पुन्हा बघायला येतील तेव्हा असाच दिसला पाहिजे."

चहा कोणी घेतला नाही. माणसं टेकाड उतरून गेली. खुशबूनं दह्याची वाटी उचलली, विसळून फळीवर ठेवली, आजीच्या पाया पडली.

"येतो आजी."

"जेवून जा ना माय."

"गाडी चुकन."

रामाजीसमोर ती थांबली. मग एवढंच म्हणाली, "मी गुरुवारची वाट पाहून राह्यली होती, आबाजी," आणि निघून गेली.

रामाजीला वाटलं होतं लोक शिव्या देतील. कोणी दिल्या नाहीत. ते जास्त वाईट होतं. भोंग्याच्या वेळी तो चौकात गेला की माणसं जरा सरकून जागा द्यायची, पाहुण्याला देतात तशी. हेमराजनं थट्टा करायची सोडली. पोरं मात्र पोरंच. कोणीतरी पाठीमागून दगडावर दगड ठोकायचं, ठक ठक ठक, आणि बाकीची खिदळायची. रामाजी मागं बघायचा नाही.

त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं ते सिमेंटचं बोलणं. इतकी वर्षं त्याला वाटलं की घर त्याच्या हातानं उभं आहे. उभं होतं ते खडकावर. ज्या दगडाला त्याचा बाप आयुष्यभर शिव्या देत मेला, त्याच दगडानं भिंत सांभाळली होती. आणि वच्छलाबाईच्या मेलेल्या नवऱ्याला त्यानं कंजूष म्हटलं होतं.

एक दिवस सकाळी तो वच्छलाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. खांद्यावर लाकडी बल्ल्या, हातात कुदळ.

"काय हाय?" ती म्हणाली.

"भिंतीले टेकू लावतो. यंत्र येईपर्यंत धरन."

"टेकूनं काय होते? तिघं पाहुने येतात ना रोज."

"येऊ दे. भिंत पोरीच्या अंगावर नाई येनार, येवढं करतो."

ती बाजूला झाली. रामाजीनं भिंतीच्या दोन्ही अंगांनी खड्डे खणले, तळाशी सपाट दगड बसवले आणि बल्ल्या तिरप्या ठोकून भिंतीला आधार दिला. दुपार झाली. वच्छलाबाईनं पाणी दिलं. तांब्या परत देताना रामाजी म्हणाला,

"बाई, तुया मालकानं सिमिट बराबर टाकलं होतं. दोष मातीचा हाय. मी उगाच बोललो."

वच्छलाबाईनं तांब्या घेतला. "त्यायले सांगाले पायजे होतं," ती म्हणाली. "जिवंत होते तवा तुमी हेच म्हनत होते. आयकत गेले बिचारे."

रामाजी कुदळ उचलून निघाला.

दिवाळीनंतर यंत्रं आली. लोखंडी डब्बे. एक रामाजीच्या जोत्याशी खडकावर बसवला, एक वच्छलाबाईच्या अंगणात, काळ्या मातीत. मॅडम होत्या, खदानीचा साहेब होता, आणि खुशबूही होती. घरी येऊन तिनं आजीला मिठी मारली, रामाजीला "जय भीम आबाजी" म्हटलं. एवढंच. भोंगा वाजला. सारं गाव कडुनिंबाखाली गेलं. जमीन हलली, भांडी वाजली, मागून आवाज आला.

मॅडमनी दोन्ही डब्ब्यांतल्या रेघा संगणकावर शेजारी शेजारी मांडल्या. खुशबूनं माणसांना बोलावून दाखवलं. आधी बारीक थरथर, मग मोठे हिसडे, मग सगळ्यात शेवटी लांब, हेलकावणाऱ्या लाटा. खडकावरच्या रेघेत त्या लाटा बुटक्या होत्या. वच्छलाबाईच्या अंगणातल्या रेघेत पडद्याबाहेर जाऊ पाहत होत्या. खदानीच्या साहेबानं घड्याळ बघायचं सोडून पडदा बघितला. मॅडम म्हणाल्या, अहवाल वर जाईल, हद्दीचं तिथं ठरेल, पण आकडे बोलके आहेत. हेमराजनं हात जोडले.

रामाजी गर्दीच्या मागं उभा होता. पडदा त्याला नीट दिसत नव्हता. पुढं जाऊन बघायची त्याला लाज वाटली.

पथक गेल्यावर खुशबू घरी आली. दारातून सरळ भिंतीकडे गेली आणि तिथं उभी राहिली. तड्यावर एक कॅलेंडर टांगलेलं होतं.

"हे कोनं लावलं?"

"मीच," रुखमा चुलीपुढून म्हणाली. "येनारे-जानारे पायतात. मॅडमनं बुजवू नका म्हटलं होतं, झाकू नका कुठी म्हटलं?"

खुशबू हात धुऊन पाटावर बसली. रुखमानं ताट वाढलं.

रामाजी उठला. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, समोरच्या भिंतीवर दुसरा खिळा होता त्याला नेऊन लावलं, आणि मागं सरकून बघितलं. थोडं तिरकं झालं होतं. त्यानं ते सरळ केलं नाही. परत येऊन नातीसमोर बसला, तिला तडा आणि आपण दोन्ही दिसतील असा.

"जेव," तो म्हणाला. "मंग मले थे दोराचं सांग. कोनतं टोक धराचं असते थे."

खुशबूनं भाकरीचा तुकडा मोडला.

"जेवू तर द्या, आबाजी," ती म्हणाली.